जॉन न्यूटन यांची तिसरी पापकबुली

रविवारच्या उपासनेत आपण सर्वजण मिळून देवापुढे आपले पापीपण कबूल करतो. मान लववितो, आमेन म्हणतो, आणि उपासना आटोपली म्हणजे आपापल्या घरी जातो. ह्यात ढोंग असते असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या कबुलीत अमक्या दिवशी अमक्या मनुष्याचा मी अमुक अपराध केला, असे बहुधा काहीच नसते. ज्या पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे त्याने आपल्या आयुष्यात तीन वेळा पापकबुली दिली. पहिली भर समुद्रावर दिली व ती देवाखेरीज कोणास ऐकू गेली नाही. दुसरी छापून प्रसिद्ध झाली आणि तिच्यामुळे त्याचा लौकिक वाढला. तिसरी त्याने म्हातारपणी, लाजेने व भीतभीत, आपल्या देशाच्या राज्यकर्त्यांपुढे दिली. पहिल्या दोहोंची कथा पुष्कळांनी पुष्कळदा सांगितली आहे. तिसरीची फार थोड्यांस माहिती असते, म्हणून हा लेख.

जॉन न्यूटन याचा जन्म १७२५ साली लंडन शहरातील वॉपिंग नामक बंदरवस्तीत झाला. बाप व्यापारी जहाजावरील कप्तान असून वर्षातील बहुतेक काळ समुद्रावर असे. आई भाविक होती. तिने पोरास मांडीवर घेऊन शास्त्रपाठ, प्रश्नोत्तरावली व गीते शिकविली, आणि हा आपला एकुलता एक मुलगा पाळक व्हावा अशी तिची इच्छा होती. परंतु तिला क्षय होता. मुलगा सात वर्षांचाही झाला नव्हता तोच ती प्रभूकडे गेली. बापाने दुसरे लग्न केले. दोन वर्षे शाळेत काढून अकराव्या वर्षी जॉन बापाबरोबर जहाजावर चढला आणि खलाशांच्या संगतीत वाढला.

सतरा वर्षांचा असताना तो केंट परगण्यातील चॅथम येथे कॅटलेट नावाच्या कुटुंबाकडे गेला. त्याच्या आईने शेवटचे दिवस ह्याच घरी काढिले होते. तेथील मुलगी मेरी हिजवर त्याचे मन बसले ते कायमचे. पुढे त्याने देव सोडला, आईची शिकवण सोडली, लाजही सोडली. मेरीची आठवण मात्र सोडली नाही.

१७४४ साली लढाईच्या गडबडीत त्याला जबरदस्तीने धरून इंग्लंडच्या आरमारात घातले. बापाच्या ओळखीने त्यास लहानशी अधिकाराची जागा मिळाली, परंतु त्याच जहाजावर एका नास्तिक सोबत्याच्या नादाने त्याने उरलासुरला विश्वासही टाकून दिला. जहाज हिंदुस्थानच्या बाजूस लांबच्या सफरीवर निघावयाचे होते. मेरीपासून इतकी वर्षे दूर राहणे त्यास सोसवेना. कोणी खलाशी पळून जाऊ नये म्हणून राखणीसाठी त्याला किनाऱ्यावर पाठविले, तर तो स्वतःच पळाला. पकडून आणल्यावर सर्वांदेखत त्याची पाठ उघडी करून फटके मारिले आणि त्याची जागा काढून घेतली. वाटेत मदिरा बेटावर एका गुलामांच्या व्यापाऱ्याच्या जहाजाशी खलाशांची अदलाबदल झाली, तिच्यात हा नको असलेला मनुष्य कप्तानाने देऊन टाकिला. अशा रीतीने न्यूटन आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यास लागला.

गुलामांचा व्यापार म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. त्या काळी इंग्लंड व युरोपातील इतर देश ह्यांची जहाजे कापड, बंदुका, दारू असा माल भरून आफ्रिकेस जात आणि त्याच्या मोबदल्यात माणसे विकत घेत. पुरुष, स्त्रिया, पोरे, सर्व. त्यांस बेड्या घालून अटलांटिक महासागरापलीकडे अमेरिकेत व वेस्ट इंडीजच्या बेटांवर नेत आणि तेथे उसाच्या व तंबाखूच्या मळ्यांवर जन्माचे राबण्यास विकीत. परत येताना जहाजांत साखर येई. लिव्हरपूल शहर ह्या धंद्यावर श्रीमंत झाले. हा धंदा कायदेशीर होता. देवळात पुढल्या बाकांवर बसणारे सद्गृहस्थ त्यात पैसा घालीत आणि त्याबद्दल कोणी त्यांस विचारीत नसे.

आफ्रिकेत सिएरा लिओनजवळच्या प्लँटेन नामक लहान बेटांवर न्यूटन एका गोऱ्या गुलामव्यापाऱ्याच्या चाकरीस राहिला. त्या व्यापाऱ्याची बायको तेथील एक वजनदार आफ्रिकी स्त्री होती. न्यूटन तापाने अंथरुणास खिळला तेव्हा तिने त्याचे हाल केले. पाण्याचा घोटदेखील मागून मिळेना. बरा झाल्यावरही पोटाला पुरेसे नसे, म्हणून रात्री मळ्यात शिरून कच्ची कंदमुळे उपटून खाई. त्या दिवसांत त्याला जगविले कोणी? विक्रीसाठी साखळदंडांत बांधून ठेवलेल्या गुलामांनी. त्यांस जो मूठभर शिधा मिळे त्यातून ते चोरून त्यास देत. ही गोष्ट न्यूटनने पुढे स्वतःच लिहून ठेविली आहे. वाचकांनी ती ध्यानात धरावी, कारण ज्यांच्या हातचा घास खाऊन तो वाचला त्यांच्याच भाऊबंदांस त्याने पुढे विकत घेतले.

बापाने आपल्या ओळखीच्या लोकांस मुलाचा शोध करण्यास सांगितले होते. १७४७ साली 'ग्रेहाउंड' नावाच्या जहाजाच्या कप्तानास तो सापडला. दुसऱ्या वर्षी मार्च महिन्यात घरी परत येताना उत्तर अटलांटिकमध्ये भयंकर वादळ झाले. रात्री लाटेने जहाजाची एक बाजू फोडली. न्यूटन वर धावला, तो शिडीवर कप्तानाने त्यास सुरी आणावयास परत पाठविले. त्याच्याऐवजी दुसरा मनुष्य वर गेला आणि त्याच क्षणी लाटेबरोबर वाहून गेला. पहाटे तीन वाजल्यापासून दुपारपर्यंत न्यूटन पंपावर होता. हात चालेनासे झाले तेव्हा त्याला सुकाणूवर बसविले, ते मध्यरात्रीपर्यंत. शिव्याशाप देण्यात खलाशांसही मागे टाकणाऱ्या ह्या माणसाच्या तोंडून देवाने दया करावी असे शब्द नकळत निघाले, आणि ते आपल्याच कानी पडून तो चपापला. सुकाणू धरून बसल्या बसल्या त्याला आईने शिकविलेली वचने आठवली, आपण ज्याची थट्टा केली तो ख्रिस्त आठवला, आणि आपल्यासारख्याला क्षमा असेल काय, हा प्रश्न त्याने पहिल्यानेच स्वतःस विचारला. जहाजात मेण व लाकूड असा हलका माल होता म्हणून ते बुडाले नाही. चार आठवडे भटकून आयर्लंडच्या किनाऱ्यास लागले तेव्हा शेवटचे अन्न भांड्यात शिजत होते. लंडनडेरी शहरी न्यूटन देवळात गेला व प्रभुभोजनात सहभागी झाला.

ही त्याची पहिली पापकबुली. ती खरी होती ह्यात आम्हांस संशय नाही. त्या दिवसापासून त्याने शिव्या सोडल्या, आणि तो दिवस मरेपर्यंत दर वर्षी प्रार्थनेत पाळला. मधे एक वेळ तो पुन्हा घसरला व पुन्हा सावरला. तेही त्याने लपविले नाही.

परंतु ह्यानंतर त्याने काय केले? त्याच वर्षी तो लिव्हरपूलच्या एका गुलामजहाजावर दुय्यम अधिकारी होऊन गेला. १७५० साली मेरीशी त्याचे लग्न झाले, आणि १७५० पासून १७५४ पर्यंत त्याने स्वतः कप्तान होऊन गुलामांच्या तीन सफरी केल्या. अँटिग्वा व सेंट किट्स ह्या बेटांवर त्याने माणसे विकली. रविवारी खलाशांस जमवून तो दोन वेळा उपासना चालवी. वर उपासना चालली असता खाली तळघरात माणसे बेड्यांत पडलेली असत. फावल्या वेळात तो लॅटिन शिके, पत्नीस प्रेमाची पत्रे लिही, शास्त्र वाची.

१७५२ च्या डिसेंबरात गुलामांनी बंडाचा बेत केला आहे असे त्यास कळले. त्याने काही मुलांस बेड्या घालविल्या, आणि त्यांनी सर्व खरे सांगावे म्हणून त्यांच्या अंगठ्यांस लोखंडी चाप लावविला. हा चाप फिरवीत गेले म्हणजे अंगठ्याचे हाड दाबले जाते. ही नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे, आणि बेत वेळेवर उघडकीस आला ह्याबद्दल तेथेच देवाच्या कृपेचा उल्लेखही आहे. ज्याने स्वतःची पापे कबूल केली होती तो मुलांकडून अशा रीतीने कबुली काढीत होता, आणि ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहावे असे त्याच्या मनातही आले नाही.

हा मनुष्य ढोंगी होता असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही. त्यास जी पापे पापे म्हणून कोणी शिकविली होती ती त्याने पाहिली: देवनिंदा, व्यभिचार, आईबापाचा अनादर, खोटेपणा. गुलामांचा धंदा हे पाप आहे असे त्यास कोणी सांगितले नव्हते. बेड्या, कुलुपे आणि चाबूक ह्यांच्यात राहून आपण तुरुंगाचे शिपाई झालो आहोत असे त्यास कधीकधी वाटे, आणि अधिक दयेचा एखादा धंदा देवाने द्यावा अशी तो प्रार्थनाही करी. म्हणजे काटा टोचत होता, परंतु काढून पाहण्याचे धैर्य नव्हते. असे काटे आपल्यातही आहेत. सावकारीचे व्याज, लग्नातील देणेघेणे, पूर्वी कोण कोणत्या जातीचा होता हे देवळातही न विसरणे, ह्या गोष्टी जेथे सर्वच करतात तेथे त्यांस पापाच्या यादीत कोण घालतो? यादी देवाने केलेली असावी लागते. आपण ती बहुधा शेजाऱ्यांकडून घेतो.

न्यूटनने तो धंदा सोडला तो विवेकाच्या टोचणीने नव्हे. १७५४ साली चौथ्या सफरीच्या आधी त्यास एकाएकी झटका येऊन तो बेशुद्ध पडला, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याने समुद्र सोडला. मग नऊ वर्षे तो लिव्हरपूल बंदरात जकातखात्याचा अधिकारी होता. त्या काळात तो ग्रीक व हिब्रू शिकला, व्हाइटफील्ड व वेस्ली ह्या थोर उपदेशकांच्या सहवासात आला, आणि पाळक होण्याची इच्छा धरून बसला. अर्ज नाकारले गेले. अखेर १७६४ साली एका उमरावाच्या शिफारशीने त्यास दीक्षा मिळून ओल्नी ह्या गावी नेमण्यात आले. येथून पुढे आम्ही त्यांस आदराने 'ते' म्हणू.

त्याच १७६४ साली त्यांच्या पूर्वायुष्याची हकीकत पत्रांच्या रूपाने छापून निघाली. ही दुसरी पापकबुली. आरमारातून पळणे, फटके, नास्तिकपणा, बेटांवरील विपत्ती, वादळ, सर्व त्यात आले, आणि ते पुस्तक हातोहात गेले. ज्याने असे पाप केले त्याला देवाने असे उचलले, हे वाचून पुष्कळ निराश माणसांस धीर आला. त्या पुस्तकाने चांगले काम केले हे आम्ही मान्य करतो. परंतु गुलामांच्या व्यापाराविषयी त्यात इतकेच आहे की त्या वेळी आपणांस तो गैर वाटला नाही. पापांची मोठी रास त्यांनी लोकांपुढे ओतली, आणि जे सर्वांत मोठे होते ते राशीत आलेच नाही.

ओल्नी हे गरीब लोकांचे गाव. पुष्कळ बायका व पोरे घरोघरी बसून झालर विणीत आणि त्यावर कशीबशी गुजराण होई. न्यूटन घरोघर जात, मुलांस जमवून शास्त्रातील गोष्टी सांगत, आठवड्यातून प्रार्थनासभा भरवीत. कवी विल्यम कूपर ह्यांचे मन आजारी असे. त्यांस न्यूटन यांनी भावाप्रमाणे सांभाळिले. दोघांनी मिळून केलेला गीतसंग्रह १७७९ साली निघाला. जगभर गाइले जाणारे 'अमेझिंग ग्रेस' हे गीत त्यातलेच. ते १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपदेशासाठी त्यांनी रचिले होते. पुष्कळांची अशी समजूत आहे की समुद्रावरून उतरताच त्यांनी गुलामांचा धंदा टाकिला आणि हे गीत लिहिले. तसे झाले नाही. गीत लिहिले तेव्हाही त्या धंद्याविरुद्ध त्यांनी लोकांपुढे एक शब्द उच्चारला नव्हता. दुसऱ्यांनी मात्र उच्चारला होता. क्वेकर पंथाचे लोक कधीपासून बोलत होते, आणि वेस्लीसाहेबांनी पुढच्याच वर्षी, १७७४ साली, त्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका काढिली.

१७८० साली न्यूटन लंडनमधील सेंट मेरी वुलनॉथ ह्या मंडळीचे पाळक झाले. १७८५ च्या डिसेंबरात पार्लमेंटचा एक तरुण सभासद त्यांच्याकडे गुपचूप आला. त्याचे नाव विल्यम विल्बरफोर्स. त्याचे नुकतेच मनःपरिवर्तन झाले होते आणि राज्यकारभार सोडून द्यावा की काय अशा विचारात तो होता. न्यूटन यांनी त्यास पार्लमेंट न सोडण्याचा सल्ला दिला. १७८७ साली गुलामांचा व्यापार बंद करविण्यासाठी लंडनमध्ये समिती स्थापन झाली, आणि विल्बरफोर्स ह्यांनी पार्लमेंटात ते काम हाती घेतले. आता वृद्ध पाळकांपुढे प्रश्न उभा राहिला. त्या व्यापाराचे बरेवाईट ज्यांस माहीत होते असे लोक लिव्हरपुलात पुष्कळ होते, परंतु ते धंद्याच्या बाजूचे. विरोध करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गुलामजहाजाचा तळ कधी पाहिला नव्हता. न्यूटन यांनी पाहिला होता, आणि तो आपल्याच हुकुमाने भरविला होता.

१७८८ च्या जानेवारीत त्यांनी आफ्रिकेतील गुलामव्यापारावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. हीच तिसरी पापकबुली. ते त्या वेळी बासष्ट वर्षांचे असून लंडनचे मानमान्य पाळक होते. कोणी त्यांच्यावर आरोप केला नव्हता. गप्प बसले असते तरी चालण्यासारखे होते. तथापि आपण एके काळी ह्या कामाचे हत्यार होतो, ह्याची लाज आपणांस जन्मभर पुरेल, आणि ही कबुली फार उशिराची असून झालेल्या दुःखाची ती भरपाई करू शकत नाही, असा अभिप्राय त्यांनी आरंभीच नोंदविला.

मग त्यांनी तपशील दिला. आमच्या मते पुस्तिकेचे सर्व बळ ह्या तपशिलात आहे. जहाजाच्या तळघराची उंची सुमारे पाच फूट, कधी तीही नाही. तिच्या मध्यावर फळ्यांचा माळा घालीत, आणि वर व खाली दोन रांगांत माणसे निजवीत, कपाटात पुस्तके लावावी तशी अंगास अंग लावून. पुरुषांस दोघादोघांच्या जोडीने हातापायांत बेड्या. तेथील उष्णता व दुर्गंधी ह्यांमुळे ताप व हगवण लागे, आणि सकाळी फळ्या उघडल्या म्हणजे जिवंत व मेलेला एकाच बेडीत सापडत. विकत घेतलेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा मरे असा त्यांचा अंदाज होता. स्त्रियांची काय विटंबना होई तेही त्यांनी लपविले नाही. एका जहाजाच्या दुय्यम अधिकाऱ्याने एक तरुण बाई वर्षाच्या लेकरासह विकत घेतली. रात्री लेकरू रडून झोपमोड करू लागले म्हणून त्याने ते आईच्या कुशीतून ओढून समुद्रात फेकिले. ही हकीकत त्या पुस्तिकेत आहे. हा धंदा गुलामांस मारतोच, परंतु तो करणाऱ्या खलाशांचेही अंतःकरण दगडासारखे करतो, असेही त्यांनी दाखविले. आणि हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

पुस्तिकेच्या प्रती पार्लमेंटच्या सभासदांस पाठविण्यात आल्या. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, आणि नंतर कॉमन्स सभेच्या समितीपुढे न्यूटन यांनी साक्ष दिली. व्यापाऱ्यांचे साक्षीदार जहाजावरील गुलाम सुखात असतात असे सांगत होते. त्यांस उत्तर देण्यास मळ्याचा मालक किंवा विद्वान पंडित पुरा पडला नसता. ज्याने ते पाप स्वतः केले होते अशा मनुष्याची जबानी पाहिजे होती.

येथे एका प्रश्नाचा विचार करू. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे जाऊन कबुली द्यावी आणि घेतले असेल ते परत करावे, असे शास्त्र शिकविते. जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले तेव्हा ज्यांस द्यावयाचे ते यरीहोतच राहात होते. न्यूटन यांनी कोणाकडे जावे? त्यांनी विकलेली माणसे समुद्रापलीकडील बेटांवर होती, पुष्कळ मरून गेली होती, आणि कित्येकांची नावेसुद्धा जहाजाच्या वहीत लिहिलेली नव्हती, केवळ आकडे होते. ज्यांनी साखळीतून हात पुढे करून त्यांस अन्न दिले तेही सापडण्यासारखे नव्हते. म्हणून ज्यांच्या हातात तो धंदा बंद करण्याची सत्ता होती त्यांच्यापुढे ते उभे राहिले. गेलेल्यांस काही देता येत नव्हते, परंतु पुढे ज्यांस बेड्या पडणार होत्या त्यांच्यासाठी बोलता येत होते. केवळ देवाजवळ रडून ते थांबले असते तर देवाने त्यांस क्षमा केली असती असे आम्ही मानतो. परंतु एकाही गुलामाची बेडी त्याने सैल झाली नसती.

तरीही ही तिसरी कबुली पुरी होती असे म्हणवत नाही. अंगठ्याच्या चापाने माणसे तासन् तास तळमळताना आपण पाहिली, असे त्यांनी पुस्तिकेत लिहिले. चाप आपल्या हुकुमाने मुलांस लावला होता, ही गोष्ट मात्र रोजनिशीत राहिली, आणि ती रोजनिशी १९६२ साली छापून निघेपर्यंत थोड्यांसच ठाऊक होती. हे लिहिताना आम्हांस त्यांचा उणेपणा दाखविण्याचा आनंद नाही. शेवटचा एक शब्द घशातच अडकतो, हे आपल्या गावच्या उपदेशकांनी पंचांपुढे किंवा पाळकापुढे कबुली देणाऱ्यांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिले असेल. त्यावर रागावण्यापेक्षा थांबून राहणे बरे.

न्यूटन यांस असे थांबता येत होते. १७९० च्या सुमारास क्लॉडियस ब्युकॅनन नावाच्या एका स्कॉटिश तरुणाने त्यांचा उपदेश ऐकिला आणि नाव न घालता त्यांस पत्र लिहिले. ह्या तरुणाने, आपण एका सद्गृहस्थाबरोबर परदेशी प्रवासास जातो असे आईबापास खोटेच सांगून घर सोडले होते. फिडल वाजवीत पायी तो निघाला, लंडनला येऊन राहिला, आणि आईस परदेशातून लिहिल्यासारखी पत्रे पाठवीत राहिला. पत्र लिहिणाराने मजकडे यावे, असे न्यूटन यांनी व्यासपीठावरून जाहीर केले. तो आला. त्यांनी त्याचे सर्व ऐकून घेतले, आणि पुढे त्याने आईस खरे काय ते लिहून कळविले. हाच ब्युकॅनन केंब्रिजला शिकून १७९७ साली बंगाल्यात चॅप्लिन होऊन आला, त्रावणकोरच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांत फिरला, आणि हिंदी लोकांच्या भाषांत शास्त्र व्हावे म्हणून झटला. १८०८ च्या जानेवारीत तो गोव्यासही गेला व तेथील इन्क्विझिशनची कचेरी चालू असतानाच तिजविषयी माहिती मिळवून त्याने ती पुढे जगापुढे मांडिली. तेथे माणसांस कोठडीत घालून कबुली काढून घेतली जाई. १८१२ साली ती कचेरी बंद झाली. आईस आपण होऊन पत्र लिहिणाऱ्या त्या तरुणास ती कचेरी पाहून काय वाटले असेल त्याची कल्पना वाचकांनीच करावी.

१७९० च्या डिसेंबरात मेरी वारली. न्यूटन यांची दृष्टी व स्मरणशक्ती हळूहळू गेली, तरी शक्य होते तोपर्यंत ते उपदेश करीत राहिले. पार्लमेंटात विल्बरफोर्स ह्यांचा ठराव वर्षामागून वर्षे पडत होता. अखेर १८०७ च्या मार्च महिन्याच्या २५ तारखेस ब्रिटिश जहाजांनी गुलामांचा व्यापार करू नये असा कायदा झाला. न्यूटन तेव्हा जिवंत होते. त्याच वर्षी २१ डिसेंबरास, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ते प्रभूमध्ये निजले. आधीच मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांची सुटका करणारा कायदा १८३३ साली झाला व दुसऱ्या वर्षी अमलात आला.

सेंट मेरी वुलनॉथ येथे त्यांस पत्नीजवळ पुरले. १८९३ साली दोघांच्या अस्थी ओल्नीस नेण्यात आल्या. स्मारकावरील लेख न्यूटन यांनी स्वतःच लिहून ठेविला होता. आपण एके काळी नास्तिक व स्वैराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचे गुलाम होतो, आणि ज्या विश्वासाचा नाश करू पाहत होतो त्याचाच उपदेश करण्यास ख्रिस्ताने दयेने नेमले, असा त्याचा आशय आहे. गुलामांचे व्यापारी असल्याचा उल्लेख त्या दगडावर नाही. तो १७८८ च्या पुस्तिकेत आहे, आणि तिजवर त्यांनी आपले नाव घातले होते.